माझ्या महालात माणसांना जागा नाही

सोमवार, २७ एप्रिल १७६७. पॅरिस.

ज्या क्षणी लुनेल म्हाताऱ्याने माझ्या जिन्यावर एक धोबीण बसवली, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. गेला गुरुवार, दुपारी सव्वातीन. तेव्हापासून नीट जेवलेलो नाही. (काल जेवलो, पण रागात.)

जिना माझा. म्हणजे चित्र पेरिशे मास्तरांचं, सहीही त्यांचीच जाणार, पण त्यातल्या बेचाळीस पायऱ्या मी काढल्यात. पट्टी, दोरा, टाचणी, अकरा दिवस. एक पायरी केसभर इकडेतिकडे नाही. रोमच्या सम्राटाने पाय ठेवताना विचार करावा असा जिना. आणि आता त्यावर एक बाई बसून परकर पिळतेय.

मास्तरांना जाब विचारला. ते म्हणाले, ती नसती तर जिना केवढा आहे ते बघणाऱ्याला कळलं कसं असतं? म्हटलं, बेचाळीस पायऱ्या आहेत, मोजा म्हणावं. ते हसले. मी दार आपटून बाहेर पडलो.

संकल्प. असा महाल काढायचा की ज्यात एकही माणूस नसेल. माझा स्वतःचा, माझ्या सहीचा. जूनमध्ये मिरवणुकीच्या सणाला दोफीन चौकात आमच्यासारख्या अकादमीबाहेरच्या पोरांना एक सकाळ चित्रं टांगता येतात. यंदा १८ जून. त्या दिवशी पॅरिसला कळेल.

दुसरा संकल्प, सोलांजशी बोलायचं.

मंगळवार, २८ एप्रिल.

डोकं शांत आहे. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो, पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याला सोपं जाईल.

आमच्या धंद्यात इमारतवाला वेगळा आणि माणसंवाला वेगळा. पेरिशे मास्तर कुठेच नसलेले महाल, पडक्या कमानी, अर्धे तुटलेले खांब काढतात. सगळं मनातलं. मग दर गुरुवारी त्यांचा मेहुणा लुनेल येतो आणि त्यात माणसं टाकतो. म्हणजे रांधणारा एक आणि मीठ टाकणारा दुसरा. त्यात या लुनेलचा हात इतका थरथरतो की सूप चमच्यातून तोंडापर्यंत पोचत नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आमच्या गोतोंबाई त्याला कपाला तोंड लावूनच प्यायला सांगतात. आणि हाच माणूस मागच्या खोलीत दार लावून नखाएवढी माणसं काढतो, त्यांच्या कोटाची बटणंसुद्धा दिसतात. जेवताना थरथर आणि कामाला बसला की नाही. ढोंगी.

सोलांज ही त्याची मुलगी. रंगांची पेटी घेऊन बापाबरोबर येते. निळा झगा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तीन-चार तास आत बसून त्याचे ब्रश धुते बिचारी. बोटांना रंग, नखांत रंग, एकदा तर कानामागेही हिरवा रंग होता. किती राबवावं माणसाने पोटच्या पोरीला. लग्न झाल्यावर मी तिला ब्रशला हातसुद्धा लावू देणार नाही.

गुरुवार, ३० एप्रिल.

आज ते आले. मागच्या खोलीच्या दाराबाहेर दोन तास पट्टी पुसत उभा राहिलो. आतून घोरण्याचा आवाज. म्हणजे हा इसम झोपेत चित्रं काढतो. झोपेत काढल्यावर धोबीण नाही तर काय होणार?

चार वाजता दार उघडलं. सोलांजशी बोलायचं वाक्य चार दिवस घोटलं होतं. ती समोर आली आणि मी म्हणालो, तुमच्या वडिलांना परस्पेक्टिव्ह कळत नाही. ती म्हणाली, "नाही, त्यांना आता फारसं काही दिसतही नाही." किती सौम्य स्वभाव. बापाची चूकसुद्धा हसून पोटात घालते.

चित्र बघितलं. धोबीण आहेच, वर आणखी एक भर. पुतळ्यासमोर एक हिरव्या कोटातला इसम, पाठमोरा, मूठ उगारून पुतळ्याला काहीतरी सुनावतोय. पुतळा दगडाचा. त्याला कशाला सुनावतोस बाबा? असली माणसं लुनेलला भेटतात तरी कुठे?

सोमवार, ४ मे.

महालाला सुरुवात केली. कॅनव्हास मास्तरांनीच दिला, जुना होता म्हणून. उपकार मानले नाहीत.

वडिलांचं पत्र आलं. ऑर्लेआँला परत ये, कायद्याचा अभ्यास अर्धा झालाय तो पुरा कर, वकिलाच्या पोराने भिंतींना खांब काढत फिरायचं नसतं. मी कॉलेज का सोडलं हे त्यांना कळणार नाही. रोमन कायद्याच्या तासाला उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की रोमचे कायदे मेले, रोमचे खांब जिवंत आहेत, मी चाललो. आणि दार आपटून बाहेर पडलो. दार जळणाच्या खोलीचं निघालं ही गोष्ट गौण आहे. तिथे मी विचार करायला म्हणून मुद्दाम थोडा वेळ थांबलो. तास संपेपर्यंत.

पत्राबरोबर त्यांनी कोट पाठवलाय. त्यांचाच जुना हिरवा कोट, माझ्या मापाचा करून. डाव्या कोपरावर तपकिरी ठिगळ. परत पाठवणार होतो, पण सकाळी गारवा असतो. महिन्यापूर्वी त्यांनीच पाठवलेला पहिला कोटही हिरवाच होता. त्यांना दुसरा रंग माहीत नाही.

शुक्रवार, ८ मे.

काल लुनेल येऊन गेला. कोणा सरदाराच्या जेवणघरासाठी मोठं चित्र चाललंय, त्यातल्या मंडपाचे सोळा खांब माझे. सोळाव्या खांबाशी हिरव्या कोटवाला पुन्हा हजर. या खेपेला बकरीशी भांडतोय. बकरी ऐकून घेतेय, हा हातवारे करतोय. डाव्या कोपरावर ठिगळसुद्धा काढलंय. एवढ्याशा कोटाला ठिगळ. रिकामटेकडेपणाला काही सीमा?

गोतोंबाई सूप घेऊन आल्या, चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वाडगं हिंदकळेपर्यंत हसल्या. म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? बाई म्हणाल्या, बकरीचा चेहरा बघ की, किती सोसतेय ती. अडाणी लोकांना असंच काहीतरी आवडतं. सोळा खांबांकडे ढुंकून बघितलं नाही.

सूप कोबीचं होतं. पुन्हा.

शुक्रवार, १५ मे.

अन्याय. मी लुनेलबद्दल बोललो (नुसतं बोललो, गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या तो त्यांचा आगाऊपणा) आणि जाताना दार लावलं. थोडं जोरात. छताचा चुना पडला, सरदाराच्या चित्रातलं आकाश ओलं होतं, सगळी धूळ ढगांवर बसली. मास्तर दोन तास चिमट्याने एकेक कण उचलत होते. मला ओरडलेसुद्धा नाहीत. मागे न वळता म्हणाले, "सिप्रियां, बाळा, आपल्याकडे चोरी खपते, आळस खपतो, उलट बोललेलंही खपतं. ओल्या रंगाजवळ दार आपटलेलं खपत नाही. आणखी एकदा, आणि मग तू बाहेरच्या बाजूला राहायचं."

संकल्प. दार हळू लावायचं.

तिसऱ्या प्रहरी: बाहेर जाताना पुन्हा आपटलं. पण ते खालचं दार होतं. खाली काही ओलं नसतं.

बुधवार, २० मे.

सोलांजला पत्र लिहिलं. अकरा पानं. मोजून मापून, कुठेही भावनेच्या भरात नाही. पहिल्या सात पानांत माझा महाल कसा असेल ते सांगितलंय, म्हणजे मी कोण आहे हे तिला आधी कळेल. आठव्यावर तिच्याशी लग्न करण्याची माझी तयारी असल्याचं कळवलं. शेवटचं वाक्य सहा वेळा लिहून पाहिलं, ते इथे उतरवतो: "माझ्या महालाच्या जिन्यावर तुझी जागा रिकामी आहे, येऊन उभी राहा, एवढंच तुझं उत्तर." वाचून मलाच भरून आलं. महाल म्हणजे अर्थातच माझं हृदय. तिला कळेल, ती हुशार आहे.

उद्या रंगांच्या पेटीत सरकवणार.

शुक्रवार, २२ मे.

सरकवलं. पेटीत ओला निळा होता, पहिलं पान जरा खराब झालं असणार.

शुक्रवार, २९ मे.

काल स्वर्गारोहणाचा सण, म्हणून बापलेक आज आले. लुनेल जिन्यातच दम खात बसला. सोलांज वर आली आणि म्हणाली, वाचलं. म्हणाली, आठव्या पानावर मी आले. मी म्हटलं, योग्य जागीच आलीस, आधी पाया, मग खांब, मग छत. तिने ओठ चावला. लाजली असावी.

मग हळूच विचारलं, "जिन्यावरची जागा खरंच रिकामी आहे?"

मी म्हटलं, सगळा महालच रिकामा आहे, हीच तर त्याची थोरवी.

ती म्हणाली, "बरं. बघते मग," आणि आत जाऊन दार लावलं.

बघते मग. याचे दोनच अर्थ होऊ शकतात आणि दोन्ही माझ्या बाजूचे आहेत. तिचं लेखी उत्तर आठवड्याभरात येईल. ती मोठं पत्र लिहीत असणार.

लुनेल आत घोरत होता. असल्या सासऱ्याबरोबर राहावं लागेल. त्याला मागची खोली देऊ.

शनिवार, ६ जून.

उत्तर नाही. कदाचित अकराच पानांचं लिहितेय.

महाल मात्र उभा राहतोय. चौसष्ट खांब, तीन घुमट, मधोमध जिना. साठ पायऱ्या. सगळं मनातलं, पृथ्वीवर कुठेच नाही. पायऱ्यांवर काही नाही, झाडाची फांदीसुद्धा नाही. मास्तर मागे येऊन उभे राहिले. काम स्वच्छ आहे म्हणाले. मग म्हणाले, एखादं माणूस टाकून घे रे कोणाकडून तरी, नाहीतर हे किती मोठं आहे ते तुलाच माहीत राहील. मी म्हटलं, मास्तर, मला माहीत आहे तेवढं पुरे आहे. ते म्हणाले, हो, तुला नेहमीच पुरतं.

याला उत्तर सुचलं, पण ते संध्याकाळी सुचलं.

शुक्रवार, १२ जून.

चित्र पूर्ण. समोरच्या खोलीत चुलीचा धूर येतो, म्हणून वाळायला मागच्या खोलीत ठेवलं. लुनेलच्या खोलीत. नाइलाज.

सोलांजचं उत्तर नाही. काल ती माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती, मी दाराच्या फटीतून पाहिलं. वळली आणि मला म्हणाली, सणाच्या आधी आम्ही मंगळवारी येऊ. मी म्हटलं, या की. ती म्हणाली, मंगळवारनंतर चित्र नीट बघ. मी म्हटलं, मी माझं चित्र रोजच नीट बघतो. ती हसली. मला बघून हसणारी ही पॅरिसमधली एकमेव व्यक्ती, जिचा राग येत नाही.

बुधवार, १७ जून. सकाळी सात.

कट. सरळसरळ कट.

चित्र आणायला मागच्या खोलीत गेलो. माझ्या जिन्यावर दोन माणसं. माझ्या. त्या थेरड्याने काल संधी साधली. डावीकडे तोच हिरव्या कोटवाला. या वेळी पाठमोरा नाही, तोंड इकडे, भांडत नाहीये, टोपी हातात घेऊन गप उभा. दोन पायऱ्या खाली निळ्या झग्यातली एक मुलगी, बाह्या दुमडलेल्या, त्याच्याकडे हात पुढे केलेला. हात कशाला पुढे करायचा? भीक मागत असणार. सम्राटाच्या जिन्यावर भिकारीण.

मला चिडवायलाच काढलंय. एवढी सुबक माणसं त्याने मास्तरांच्याही चित्रात कधी काढली नव्हती. तिच्या बोटांवर रंगाचे ठिपकेसुद्धा होते, मी भिंग लावून पाहिलं. सूडासाठी माणूस किती कष्ट घेतो.

साडेसात. पॅलेटच्या चाकूने दोघांना खरवडलं. रंग ओलाच होता, लोण्यासारखा निघाला. आधी तिला, मग त्याला. तिथे डाग राहिला, म्हणून त्यावर एक दगडी कलश काढला. मूठ असलेला. उलट शोभाच वाढली.

उद्या पॅरिस.

गुरुवार, १८ जून. संध्याकाळ.

पॅरिसला डोळे नाहीत.

सुरुवात चांगली होती. मिरवणुकीसाठी घरांवर गालिचे टांगलेले, त्यांवरच आमची चित्रं. ऊन छान. माझ्या डावीकडे कोणाचं तरी मांजर आणि उजवीकडे कोणाची तरी आत्या. मध्ये माझे चौसष्ट खांब. मिरवणूक गेली, लोक मोकळे झाले, फिरू लागले.

पहिली एक म्हातारी थांबली. खूप वेळ बघून मुलीला म्हणाली, बघ गं, असं कपाट हवं मला, पण मधलं झाकण उघडतं का ते विचार. झाकण म्हणजे माझा मधला घुमट. मी शांतपणे सांगितलं की हा महाल आहे, त्याची उंची नोत्र-दामएवढी. ती म्हणाली, कशावरून?

मग एक सुतार. अक्रोडाच्या लाकडात करायला किती दिवस लागतील याचा मनाशी हिशोब करत होता. मग दोन माणसांत वाद, एक म्हणतो घड्याळाची पेटी, दुसरा म्हणतो शेगडी. शेगडीवाला कलशाकडे बोट दाखवून म्हणतो, ही बघ ना मूठ, राख काढायची. शेजारच्या मांजरासमोर गर्दी. आत्यासमोर गर्दी.

शेवटी एक जाडा, लोंबार गल्लीतला मिठाईवाला. टोपी काढून माझ्यापाशी आला, खऱ्या आदराने. त्याला पंधरवड्याने एका लग्नाच्या टेबलावर साखरेची मांडणी करून द्यायचीय. म्हणाला, एवढी सरळ रेघ साखरेत कोणालाच जमत नाही, तुम्ही याल का? आणि म्हणे, हे तुमचं जे आहे ते खऱ्या मापातच आहे ना, हात-दीड हात?

मी काय बोललो ते लिहीत नाही. पहारेकऱ्याला यावं लागलं.

तेवढ्यात सोलांज आली, बापाला हाताला धरून. धावत आल्यासारखी. आधी माझ्याकडे बघितलं, आनंदात होती, मग चित्राकडे. जिन्याकडे. चेहरा पांढरा.

मला म्हणाली, "इथे कोणी होतं का?"

मी छाती काढून म्हटलं, होते दोन किडे. चाकूने काढले.

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

ती वळली. वडिलांना घेऊन परत गेली. माझ्या निष्ठेचा तिच्यावर फार परिणाम झालेला दिसला. बापाच्या कृत्याची लाज वाटली असेल बिचारीला. या सगळ्या मूर्ख शहरात निदान तिला तरी कळलं.

शनिवार, २० जून.

हात थरथरतोय. लुनेलसारखा.

सरदाराचं चित्र राहिलं होतं म्हणून बापलेक आज आले. लुनेलला जाब विचारायचाच होता. दार लाथेने उघडलं. लुनेल खुर्चीत, तोंड उघडं, घोरतोय. हात मांडीवर, झोपेतसुद्धा थरथरणारे. चित्रासमोर सोलांज. हातात दोन केसांचा ब्रश. बकरीच्या समोरच्या हिरव्या कोटवाल्याला पुसून त्या जागी गाढव काढत होती. अर्धं झालं होतं. मागचे पाय गाढवाचे आणि पुढे अजून कोट. ठिगळ असलेला.

ती न वळता म्हणाली, "दार लाव. धूळ येते."

मी माझ्या कोपराकडे बघितलं.

ती काढते. ती. तीन वर्षं तीच काढतेय. धोबीण तिची. बकरी तिची. तो मीच. सगळीकडे मीच होतो आणि ती

मास्तर धावत आले. सरदाराच्या आकाशावर पुन्हा चुना. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दार आणि तू, यांतलं एकच ठेवायचं म्हटलं तर मी दार ठेवीन, बाळा." गुरुवारी येऊन सामान न्यायचं. लुनेलचे हात गेलेत हे बाहेर कुठे बोलायचं नाही, एवढं मात्र वचन घेतलं. माणसं एका मुलीने काढलीत म्हटलं की गिऱ्हाईक तीच माणसं वाकडी आहेत म्हणून सांगतं, असं म्हणाले. मी दिलं वचन. निदान ते तरी मोडणार नाही.

रविवार, २१ जून.

संताप. सगळ्यांनी मला अंधारात ठेवलं. गोतोंबाईंना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही की तो हिरव्या कोटवाला मी आहे? बाई म्हणाल्या, "अरे, आम्हाला वाटलं तुला माहितीये, म्हणून तर तू एवढा चिडतोस."

मग म्हणाल्या, पोरगी गुरुवारचा दिवस मोजायची. तुझ्या बोलण्याची गंमत वाटायची तिला. तू चुलीशी उभा राहून ओरडायचास, ती आत बसून तुला काढायची. आवडल्याशिवाय कोणी कोणाच्या कोटाचं ठिगळ काढत बसतं का रे?

येऊन उभी राहा, एवढंच तुझं उत्तर. माझंच वाक्य. सहा वेळा लिहिलेलं. आली होती की ती. येऊन उभी राहिली होती, हात पुढे करून. मी भिंग लावून पाहिलं आणि चाकू घेतला.

पण तिने सही तरी करायची. कोणीही सही करतं.

सोमवार, २२ जून.

मार्ग सापडला. अगदी सोपा. कलश पुसायचा आणि ती दोन माणसं मीच परत काढायची. ज्याला चौसष्ट खांब येतात त्याला दोन माणसं न यायला काय झालं? माणूस म्हणजे काय, खाली दोन खांब, वर एक घुमट. दुपारपर्यंत होईल.

दुपार: डोकं जमलं. हात कुठून निघतात?

संध्याकाळ: पुसलं.

मंगळवार, २३ जून.

चौदा वेळा काढली. पट्टी लावून काढली, दोरा लावून काढली. पुसता पुसता पायऱ्यासुद्धा घासल्या. आज कळलं की मी माणसाकडे नीट बघितलेलंच नाही. सोलांजच्या नाकाचा आकार कसा आहे, मला सांगता येत नाही. तिच्या मागच्या दाराच्या चौकटीचं माप सांगू शकतो.

बुधवार, २४ जून.

झालं. दोन माणसं उभी आहेत. एक हिरवं, एक निळं. गोतोंबाईंना दाखवलं. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. आधी म्हणाल्या बाटल्या. मग माझं तोंड बघून म्हणाल्या, नाही नाही, शतावरीची जुडी.

तरी उद्या नेणार. भावना महत्त्वाची. ती बघेल, हसेल, हातात ब्रश घेईल आणि पुन्हा काढेल. यापेक्षा वेगळं काही होऊच शकत नाही.

गुरुवार, २५ जून. दुपार.

मास्तरांच्या घराबाहेर जिन्यात बसून लिहितोय. अकरावी पायरी.

सकाळी लोंबार गल्लीत गेलो होतो. मिठाईवाला चौकातलं सगळं विसरला होता, किंवा विसरल्यासारखं दाखवलं. सोमवारपासून ये म्हणाला. साखरेचे खांब. रात्री पाहुणे खाणार. त्याने विचारलं, माणसं करता येतात का, बदामाची? मी म्हटलं, नाही. शिकेन.

मग इथे आलो. पट्ट्या, दोरा, टाचण्यांची डबी बांधली. महाल काखेत होता. मागच्या खोलीचं दार वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवलं, आणि कसं वाजवायचं तेच कळेना. लुनेल खुर्चीत जागा होता. म्हणाला, ये रे, बस. मी बसलो नाही.

महाल तिच्यासमोर ठेवला. बरंच घोटून आणलं होतं, आठव्या पानापासून सुरुवात करणार होतो. एवढंच म्हणालो की मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माहीत नसणं ठीक आहे, सिप्रियां. पण तू भिंग लावून बघितलंस म्हणे." गोतोंबाईंच्या पोटात काही राहत नाही.

म्हटलं, पुन्हा काढ. माझ्या बाटल्यांवरूनच काढ. जागा रिकामी आहे.

ती खूप वेळ चित्राकडे बघत राहिली. हसली नाही. मग ब्रश घेतला. माझ्या आत काहीतरी उभं राहिलं, ते लिहिता येत नाही.

आधी हिरवी बाटली घेतली. दहाबारा टिपके. खांदे आले, टोपी आली, कोपरावर ठिगळ आलं. तोंड इकडे. मीच होतो, कोणीही ओळखलं असतं. आता मलाही ओळखता आलं. लुनेल खुर्चीतून पुढे वाकून म्हणाला, छान, डावा पाय जरा बाहेर. तिने डावा पाय बाहेर काढला.

मग निळी घेतली. तिने ती पुसली नाही. कडेने एक सरळ रेघ ओढली, मग दुसरी, पट्टीशिवाय. खाली तळखडा, वर थोडी वेलबुट्टी. निळ्यावर दगडाचा रंग चढवला.

खांब केला. सुंदर खांब. माझ्या चौसष्टांत असा एक नाही.

म्हणाली, "तुला हेच येतं. हेच ठेव."

चित्र माझ्याकडे वळवलं. आणि तो महाल एवढा मोठा झाला. घुमट नोत्र-दामच्याही वर गेले. साठ पायऱ्या, एकेक पायरी माणसाच्या गुडघ्याएवढी, वरपर्यंत सगळं रिकामं, आणि खाली एक हिरवा कोट टोपी हातात घेऊन खांबाशेजारी उभा. आता कोणी त्याला कपाट म्हणणार नाही. मास्तर दारातून बघत होते. म्हणाले, आता झालं हे चित्र.

मी चित्र उचलायला गेलो. ती म्हणाली, "राहू दे, ओलं आहे. आठवड्याने ने." मग सरदाराच्या चित्राकडे वळली. गाढवाचे कान राहिले होते.

वळताना तिने तोंड बाजूला केलं, तेव्हा पाहिलं. नाक थोडं वर उचललेलं आहे, आणि टोकाशी जरासं रुंद.

दाराशी आलो. कडी हातात होती. दोन महिने याच दाराबद्दल मनात जे जे होतं ते सगळं त्या हातात आलं होतं. आत तीन चित्रं ओली होती, एक माझं. दार हळूहळू ओढलं, कडीखाली अंगठा धरून, चौकटीला लागेपर्यंत. आवाज झाला नाही. एक पाऊल टाकलं आणि मागे ओढला गेलो. कोटाचं टोक दारात अडकलं होतं. पुन्हा दार उघडलं, टोक सोडवलं. तिने मान वर केली नाही. पुन्हा तसंच हळू लावलं.